हेवीवेटांची ग्रेडेशन लिस्ट

कार्तिक लागला की रायपूरच्या हवेला उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाचा वास यायला लागतो. गावाबाहेरच्या गिरण्यांमध्ये धान वाफवतात, आणि सकाळी वारा इकडे वळला की तो गोडसर, जरासा कुबट वास चौबे कॉलोनीपर्यंत पोचतो. माझी मुलगी नाक दाबून म्हणते, "मम्मी, खिड़की बंद करो ना." मी करत नाही. त्या वासाबरोबर मला बेडकाची पचनसंस्था आठवते, रंग खरवडलेल्या सरकारी पाट्या आठवतात, आणि जगातले सर्वश्रेष्ठ हेवीवेट मुष्टियोद्धे आठवतात. यातलं आधी काय आणि नंतर काय हे लावता लावता चहा गार होतो.

मुष्टियोद्धे यात कुठून आले, ते सांगायला हवं. माझे बाबा एका सरकारी ऑफिसात स्थापना शाखेत, कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शाखेत, बाबू होते. वजन बावन्न किलो, तेही जेवल्यावर. त्यांचे मित्र बबनकाका वानखडे त्याच शाखेत, शेजारच्या टेबलावर. काका उंच होते, पण अंगाने बाबांच्याच पंक्तीतले. दोघांना एकत्र बांधून काट्यावर ठेवलं असतं तर कसाबसा एक हेवीवेट भरला असता. दोघांनी आयुष्यात कुणाला चापट मारल्याचं ऐकिवात नाही. तरी दर रविवारी सकाळी बबनकाका स्कूटरवरून आमच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी यायचे, आणि पोह्यांची ताटली हातात घेऊन दोघं ठरवायला बसायचे की आजवरच्या हेवीवेटांमध्ये पहिला कोण, दुसरा कोण आणि तिसरा कोण.

हे वेड त्यांना सदर बाजारातल्या एका रद्दीवाल्याने लावलं. तिथे इंग्रजी क्रीडा मासिकांचे जुने गठ्ठे मिळायचे. पुढे केबल आली आणि जुन्या लढती दिसायला लागल्या, पण तोवर दोघांची मतं पक्की झाली होती आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीमुळे मत बदलणारे ते नव्हते. योद्ध्यांची खरी नावं आमच्या घरात कुणी घेत नसे. आईला ती नावं उच्चारायचा कंटाळा, म्हणून तिनेच त्यांना आपली नावं ठेवली होती. जो पायांवर नाचत लढायचा आणि तोंडाने अखंड बोलायचा, तो नाचरा. जो एकही लढत न हरता निवृत्त झाला, तो शून्यवाला. जवळजवळ बारा वर्षं गादी न सोडणारा मठाधिपती. विशीत गादीवर बसलेला पोट्टा. आणि एकदा हरून, दहा वर्षं घरी बसून, पंचेचाळिशीत पुन्हा जिंकलेला तो आजोबा. नावं ठेवून वर आईच म्हणायची, "एकमेकायले मारणाऱ्या माणसायचा नंबर लावून राहिले. भाजी कोण आणन?"

पण खरी गंमत पुढे आहे. या दोघांना नंबर लावायची एकच पद्धत माहीत होती, ती म्हणजे ग्रेडेशन लिस्ट. सरकारी ऑफिसात कोण कोणाच्या वर हे सांगणारी ज्येष्ठतेची यादी. आयुष्यभर त्यांनी तीच केली. त्यामुळे मुष्टियुद्धाच्या वहीतही प्रत्येक योद्ध्याचं एक सर्व्हिस बुक होतं. नियुक्ती कधी, पदावर कायम कधी, सेवेत खंड किती, गोपनीय अहवालात शेरे कसे. आजोबाच्या नावापुढे बाबांनी लाल रेघ मारून लिहिलं होतं, "सेवा खंडित, दहा वर्षे." त्याचा ठोसा केवढा जड होता, याबद्दल त्या वहीत अवाक्षर नव्हतं.

सगळ्यात मोठं भांडण पहिल्या नंबरावरून. बाबांचा शून्यवाला, काकांचा नाचरा. नाचऱ्याने युद्धावर जायला नकार दिला, म्हणून त्याची गादी काढून घेतली आणि तीन वर्षांहून जास्त काळ त्याला लढू दिलं नाही. मग कोर्टाने त्याची बाजू मानली. काका म्हणायचे, "निलंबन चुकीचं ठरलं न? मंग तो पूर्ण काळ ड्यूटीत धरा लागते. नियम आहे, मधू. तू नियम सोडून बोलून राहिला."

बाबा म्हणायचे, "काळ धरतो. पण हरला तर तो आहेच न? माह्या माणसाच्या सी.आर.मधी एक खराब शेरा दाखव."

"तुह्या माणसानं निवृत्तीले आलेले म्हातारे मारले. त्यायच्या शेऱ्याचं काय सांगतं?"

मी खिडकीत जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलेली असायची. ज्यांना एकमेकांसमोर उभं राहायची वेळच आली नाही, वेगवेगळ्या काळात जन्मलेल्या त्या माणसांना एकाखाली एक कसं लावायचं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि अजून कळत नाही. बरोबरी झाली तर काय करायचं, याचा मात्र वहीत नियम होता. दोघांच्या सह्या होत्या त्याखाली. सगळं समान असेल तर वयाने मोठा तो वर.

त्या वर्षी मी बारावीत होते, आणि त्या वर्षी आमचं राज्य बदललं. आम्ही घरातून हललोही नाही, झोपून उठलो तो दुसऱ्या राज्यात. रायपूर राजधानी झालं. दूधवाला कॅन खाली ठेवून आईला म्हणाला, "अब तो हमन राजधानी वाला हो गेन, दीदी," आणि त्या दिवशी दूध नेहमीपेक्षा पातळ होतं. पाट्यांवरचं म. प्र. खरवडून त्यावर छ. ग. रंगवलं, पण रंग इतका पातळ की खालची अक्षरं दिसत राहायची. बूढ़ा तलावाच्या काठच्या रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या अडकायला लागल्या. दवाखान्याच्या जुन्या इमारतीत मंत्रालय आलं. बाबा सांगायचे की तिथे कुठलीही शाखा विचारली की लोक अजून वॉर्डाचा रस्ता सांगतात. काल जो साहेबासमोर उभा राहायचा तो आज साहेब झाला होता, आणि कुणाला नमस्कार आधी करायचा हे कुणालाच समजत नव्हतं. मला वाटायचं, बारावीत सगळ्यांचंच असं होत असेल.

मग त्या घोटाळ्याचं एक टोक आमच्या घरात शिरलं. नव्या मांडणीत बाबांच्या शाखेत दोन बाबूंच्या जागी एकच पद उरलं. जो ज्येष्ठ तो रायपूरला राहणार आणि जो कनिष्ठ तो भोपाळला जाणार. ज्येष्ठ कोण, हे सांगणारी यादी बनवायचं काम बाबांच्या टेबलावर होतं.

बाबा आणि काका एकाच दिवशी नोकरीला लागले होते, आणि काका बाबांपेक्षा चार महिन्यांनी मोठे. म्हणजे ज्येष्ठ काका. सगळं ऑफिस हेच धरून चाललं होतं, आम्हीही. बबनकाका रायपूरला राहणार, आम्ही भोपाळला जाणार. काकांना राहणं गरजेचंही होतं. काकू इथल्या शाळेत शिकवायच्या, त्यांची नोकरी कुठे हलण्यासारखी नव्हती.

एका संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "भोपाळ कसं वाटते तुले?"

मी म्हटलं, "मी नाही येत. परीक्षा आहे माझी."

"तिथंबी शाळा आहेत."

"मी नापास होईन बाबा. मधेच शाळा बदलली तर मी नापास होईन, सांगून ठेवते." आणि मी रडायला लागले. खरं तर मी शाळेसाठी रडत होते की मैत्रिणींसाठी की नुसतीच, हे मला माहीत नव्हतं. ताट तसंच ठेवून मी उठले. आई बाबांना म्हणाली, "काहून विचारता तिले आत्ता?"

त्यानंतरच्या रविवारी काका आले नाहीत. नागपूरला कुणाचं तरी लग्न होतं. बाबा सकाळपासून टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. दोन-तीन कागद फाडले. मग मला हाक मारली आणि म्हणाले, "हिंदी पाहून दे बरं, तुह्यं हिंदी चांगलं आहे." तो नोटशीटचा मसुदा होता, फाइलवर साहेबांसाठी लिहायची टीप. मी वाचलं. इतर सगळं नेहमीचं होतं, आणि शेवटी एक वाक्य होतं, की यह भी उल्लेखनीय है कि अभिलेख अनुसार एक कर्मचारी ने पूर्वाह्न में तथा दूसरे ने अपराह्न में कार्यभार ग्रहण किया. म्हणजे एक जण सकाळी रुजू झाला आणि दुसरा दुपारी. खाली, कृपया मार्गदर्शन हेतु प्रस्तुत.

मी विचारलं, "कोण हे दोघं?"

"आहेत दोन बाबू," बाबा म्हणाले.

मी एक स्वल्पविराम घातला आणि कागद परत दिला. माझ्या डोक्यात तेव्हा बेडूक होता.

वाक्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला, यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा. वरून उत्तर आलं होतं, पूर्वाह्न वाले वरिष्ठ. बाबा वर, बबनकाका खाली. अर्ध्या दिवसाने.

तो अर्धा दिवस आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. गमतीची गोष्ट म्हणून काका स्वतःच सांगायचे. विदर्भातून आलेले दोन तरुण पहिल्याच दिवशी बडे बाबूंच्या टेबलासमोर उभे. बडे बाबू म्हणाले, जेवणाच्या सुट्टीआधी एकाचंच जॉइनिंग होईल, दुसऱ्याने नंतर यावं. बाबांना ताप होता. काकांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकललं. "हो पुढं, नाही तर इथंच पडशीन." बाबा सही करून खोलीवर जाऊन झोपले आणि काका दुपारी तीनला रुजू झाले. सर्व्हिस बुकात कुणीतरी पूर्वाह्न आणि अपराह्न लिहून ठेवलं, आणि वीसेक वर्षं ते पान कुणी उघडलं नाही. बाबांनी ती टीप लिहिली नसती तर कधी उघडलंही नसतं.

मी बाबांकडे बघायला लागले. आपला बाप नियमाचा माणूस आहे, हे मला माहीत होतं. अभिलेखात जे आहे ते साहेबांसमोर मांडायचं, आपल्या फायद्याचं असो की तोट्याचं, एवढंच त्यांनी केलं, असं मी स्वतःला सांगायची. मग मला आठवायचं की वहीतल्या नियमात अर्धा दिवस नव्हता. वयाने मोठा तो वर, असं होतं, आणि बाबांचीही सही होती. मग वाटायचं, वही ती वही आणि फाइल ती फाइल. मग ते ताट आठवायचं. मी रडले नसते तर त्यांनी ते वाक्य लिहिलं असतं का? या प्रश्नापाशी आलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

यादीवर हरकत, ऑफिसच्या हिंदीत आपत्ती, घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. पुढच्या रविवारी काका आले तेव्हा बाबांनी त्यांच्यासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला. बाबांच्याच ज्येष्ठतेविरुद्धची हरकत होती ती, काकांच्या नावाने, मुद्देसूद, तीन परिच्छेदांची. फक्त सही बाकी होती. बाबा म्हणाले, "सही कर बबन. मीच नेऊन देतो."

काकांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. "ड्राफ्टिंग चांगलं आहे तुह्यं," ते म्हणाले. "माह्या बाजूनं तर मलेही इतकं सुचलं नसतं."

"मंग कर न सही."

"आपत्ती कशाची घेऊ? खोटं आहे काय त्यात? मीच ढकललं होतं तुले पुढं." कागद घडी करून त्यांनी खिशात घातला आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोहे." मग दोघं मठाधिपती तिसरा की चौथा यावर बोलत बसले. काका चिडले होते का, हे मला त्यांच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. बाबांनाही आलं नसावं, कारण त्या दिवशी ते प्रत्येक मुद्द्यावर काकांना होकार देत होते आणि काका त्यावर भडकत होते. "हव हव काहून करून राहिला? भांड न."

पौषात काका भोपाळला गेले. उन्हाळ्यात माझा निकाल चांगला लागला. आईने पेढ्यांचा डबा भरून दिला आणि म्हणाली, काकूंकडे नेऊन दे, एकट्याच आहेत. काकू तेव्हा चौबे कॉलोनीत राहायच्या. मी कॉलोनीच्या तोंडाशी गेले, तिथे एका झाडाखाली उभी राहिले आणि परत आले. आईला सांगितलं की घराला कुलूप होतं. पेढे मी वर्गातल्या मुलींना वाटले. पुढे काकूंना नोकरी संपेपर्यंत आठ वर्षं तशी एकटीने काढावी लागली, आणि त्या आठ वर्षांत त्या मला रस्त्यात भेटल्या की मी आधी घड्याळात बघायची.

दर रविवारी भोपाळहून फोन यायचा. वही बाबांकडे होती, काका तोंडीच नंबर सांगायचे. हळूहळू एक विचित्र गोष्ट झाली, ती केव्हा झाली ते मला सांगता येणार नाही. दोघांच्या बाजू बदलल्या. बाबा नाचऱ्याच्या बाजूने बोलायला लागले. ऐन उमेदीची वर्षं ज्याची हिरावून घेतली आणि तरी जो परत उभा राहिला, त्याच्या वर कुणाला कसं ठेवता येईल, असं म्हणायचे. आणि काका तिकडून म्हणायचे, नाही, गेलेली वर्षं गेली, ती धरता येत नाहीत, शून्यवालाच पहिला. बाबा फोन ठेवून वहीसमोर बसायचे. पहिल्या नंबराची ओळ त्यांनी इतकी वेळा खोडली की कागद फाटला. मला वाटायचं, काकांनी माफ केलं असेल तर फोन येतो. मग वाटायचं, रविवारची सवय सुटत नाही म्हणून येतो. एखादा माणूस आपल्यावर रागावलेला आहे की नाही हे वीस वर्षांत कळू नये, असं कसं असतं?

याच कार्तिकात काका रायपूरला आले. काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. दोघंही सत्तरीपार. बाबा आता आमच्याकडे, चौबे कॉलोनीतच राहतात. काका सकाळी आले, गुडघे धरत पायऱ्या चढले, आणि मी नव्या तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे केले होते, ते दोघांसमोर ठेवले. उसन्याचा वास येत होता. काका म्हणाले, "भोपाळले हा वास नाही." मुलगी येऊन पाया पडली आणि हिंदीत दोन शब्द बोलून गेली. मी तिथेच बसले.

आजोबाला पाचव्या नंबरावरून वर घ्यावं का, यावर बोलणं चाललं होतं. काका म्हणत होते की दहा वर्षांचा खंड माफ करायला हवा, माणूस म्हातारपणी परत आला. बाबा ऐकत होते. ऐकता ऐकता ते मधेच म्हणाले, "बबन, ते टीप मी काहून लिहिली, मले अजून समजलं नाही."

काकांचा हात ताटलीवर थांबला.

"नियम म्हणून लिहिली का या पोट्टीच्या परीक्षेसाठी लिहिली," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी लय विचार केला. लिहिताना मले वाटत होतं मी इमानदारीनं लिहून राहिलो. मंग वाटलं, इमानदारीच होती तर तीन कागद काहून फाडले? एक दिवस एक वाटते, एक दिवस दुसरं. आता तर कोणता दिवस खरा तेही समजत नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हा प्रश्न फक्त माझा आहे.

काकांनी फरा संपवला, बोटं रुमालाला पुसली. "तुले नसन समजत," ते म्हणाले. "माह्यं सांगतो. ते सर्व्हिस बुकाचं पान मी तुह्या आधी पाह्यलं होतं. दसऱ्याच्याबी आधी. पूर्वाह्न, अपराह्न, सारं पाह्यलं आणि बुक कपाटात खाली दाबून ठेवलं. तुले सापडलं नसतं तर तू गेला असता भोपाळले. मी बोललो नसतो."

बाबांनी हातातली ताटली खाली ठेवली.

"म्हणून आपत्ती घेतली नाही," काका म्हणाले. "कोणत्या तोंडानं घेऊ? तुले धाडलं असतं न मधू, तर तुले एक फोन करायची हिंमत झाली नसती मले. हे सारे रविवार गेले असते."

मग बाबा हळूच म्हणाले, "खाली दाबलं होतं? मी तर दोन दिवस शोधत होतो ते."

"हव," काका म्हणाले. "मी पाहून राहिलो होतो तुले शोधताना."

मी ताटल्या उचलून आत आले. चहाचं पाणी ठेवलं आणि ओट्याला धरून रडले. बाबांसाठी रडले, काकांसाठी रडले, की त्या काकूंसाठी ज्यांना मी पेढे दिले नाहीत, हे मला नीट सांगता येणार नाही. बाहेर दोघं पुन्हा बोलायला लागले होते. पाण्याला उकळी आली तेव्हा मी तोंड धुतलं, तीन कप घेतले, आणि बाहेर जाऊन बबनकाकांना विचारलं, काकू आत्ता कुठे उतरल्या आहेत.